ऐरोली की घोडबंदर? आधी दुपारच्या दोनच्या फोनचा विचार करा

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. जूनपासून दोघांच्याही नोकऱ्या मुंबईकडे येताहेत. नवऱ्याचं ऑफिस लोअर परळला, त्यांचं स्वतःचं नवी मुंबईतल्या ऐरोली स्टेशनजवळच्या आयटी पार्कात. मुलगी पहिलीत जाणार. सासूबाई सोबत असतील, वय अडुसष्ट, गुडघे दुखतात. घोडबंदर रोडवरच्या एका नव्या टॉवरमध्ये टूबीएचके पसंत पडलाय, माहितीपत्रकात ‘ठाणे स्टेशन १५ मिनिटांवर’ असं लिहिलंय आणि एक्कावन्न हजारांचं टोकन देऊन झालंय. तरी मन खात्री देत नाही. डोंबिवली, बदलापूर हेही डोक्यात आहेत. मुलीसाठी चांगलं आणि प्रवास झेपेल असं ठिकाण कोणतं, असं त्या विचारतात.

मी डोंबिवलीत वीस वर्षांहून जास्त काळ घरं दाखवते. त्याआधी अकरा वर्षं फोर्टात नोकरी केली, रोज ८:१४ ने. म्हणजे लोकलला लटकणाऱ्यांतही मी होते आणि आता लोकांना लटकायला लावणाऱ्यांतही आहे. त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात नवऱ्याच्या प्रवासाचा विषय चारदा येतो. तुमचा एकदाच, तोही कंसात. हे सगळ्याच घरांत होतं. घर बघायला आलेलं जोडपं माझ्यासमोर बसलं की पहिला प्रश्न ‘ह्यांना व्हीटी किती वेळ?’ आणि शेवटी चहा संपताना, ‘माझं काय, मी करीन मॅनेज.’ त्या ‘मॅनेज’मध्ये घराचं सगळं वेळापत्रक दडलेलं असतं, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

लोक सकाळच्या सव्वानऊचा हिशेब करतात. मी दुपारच्या दोनचा करायला लावते. मंगळवारी दुपारी दोनला शाळेतून फोन येतो, ‘हिला ताप भरलाय, घेऊन जा.’ कोण निघणार? किती वाजता पोचणार? गाड्या बंद असतील तर कशाने पोचणार?

माझा मुलगा दुसरीत असताना असाच फोन ऑफिसच्या लँडलाइनवर आला. जुलै महिना होता. दोन वाजता निघाले, कुर्ल्याला पाणी भरलेलं, गाडी शीवला उभी. डोंबिवलीला शाळेत पोचले तेव्हा सव्वासहा झाले होते. शाळा कधीच सुटली होती. पोरगं शिपाईमावशींच्या शेजारी बाकावर बसून त्यांच्या डब्यातली भाकरी खात होतं. त्याला काहीच झालं नव्हतं. हललेली मी होते. पुढच्या दोन वर्षांत नोकरी सोडली आणि हा धंदा सुरू केला.

तेव्हापासून माझा एकच ठोकताळा आहे. दोघांपैकी एकाचं ऑफिस मुलीच्या शाळेपासून अर्ध्या तासाच्या आत हवं, आणि तेही लोकल ठप्प असताना, रिक्षाने किंवा बसने. दुसऱ्याने जास्त प्रवास सोसावा. ‘दोघांनाही मधोमध पडेल असं’ घर शोधणारे नेमकं असं घर घेतात जे दोघांनाही लांब पडतं, आणि दुपारी दोनला त्या घराजवळ कोणीच नसतं. बाईनेच जवळ राहावं असं मी मुळीच म्हणत नाही. तुमचे मिस्टर ऐरोलीला आणि तुम्ही लोअर परळला असता तर हाच हिशेब उलटा मांडला असता. पण आज तुमचं ऑफिस ऐरोलीला आहे, म्हणून घर ऐरोलीच्या आसपास. बाकी सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

आता घोडबंदर.

घोडबंदर रोडला रेल्वे स्टेशन नाही, ही गोष्ट माहितीपत्रकात कुठेच लिहिलेली नसते. कासारवडवलीकडून ठाणे स्टेशन आठ-दहा किलोमीटर. पंधरा मिनिटांत पोचता येतं, बिल्डर खोटं बोलत नाही. फक्त ते पहाटे साडेपाचला किंवा रविवारी. सकाळी साडेआठला मानपाड्यापासूनच गाड्या रेंगाळायला लागतात, कापूरबावडी आणि माजिवड्याला गुजरातकडून आलेली अवजड वाहनं, बसगाड्या, शाळांच्या व्हॅन सगळं एकत्र येतं. गायमुखच्या घाटात रस्त्याची दुरुस्ती निघाली की त्या दिवसाचं काही खरं नाही. स्टेशनला उतरल्यावर संध्याकाळी परतीच्या शेअर रिक्षाची रांग वेगळीच. त्या रांगेत उभं राहून मी एका गिऱ्हाइकाला दाखवलं होतं. बत्तीस मिनिटं लागली. त्याने तिथेच बायकोला फोन करून बुकिंगचा विचार सोडला.

तुम्ही म्हणाल, मेट्रो येतेय. येतेय, हे खरं. वडाळ्याहून घाटकोपर, ठाणे करत कासारवडवलीकडे जाणाऱ्या मेट्रो ४ ची चाचणी गाडी २०२५ च्या सप्टेंबरात गायमुखकडच्या तुकड्यावर धावली. पण ती वडाळ्याला जाणार आहे, ऐरोलीला नाही. तुम्हाला तिचा उपयोग ठाण्यापर्यंतच. आणि मेट्रोच्या भरवशावर घर घेण्याबद्दल एकच सांगते. ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते कल्याणला झालं ते डिसेंबर २०१८ मध्ये. त्या आठवड्यात आमच्याकडे फोन थांबत नव्हते. तेव्हा बालवाडीत असलेली मुलं आता पाचवी ओलांडून गेली, कल्याणला मेट्रो अजून पोचायची आहे. जे आज चालू आहे त्याच्यावर घर घ्यावं, जे येणार आहे ते आलं तर पेढे वाटावेत.

घोडबंदर वाईट आहे असं नव्हे. येऊरचा डोंगर पाठीशी आहे, मोठ्या शाळा आहेत, सोसायट्यांत मुलांना खेळायला जागा आहे. ज्यांची नोकरी तिथेच, त्या पट्ट्यातच आहे त्यांनी डोळे झाकून घ्यावं. फक्त एक करावं, सोसायटीच्या वार्षिक हिशेबात ‘टँकर’ या नावाखाली किती खर्च पडलाय ते बघावं. पाणी चोवीस तास येतं की नाही हे एजंटला विचारायचं नसतं. वॉचमनला विचारायचं, आणि टँकर किती वाजता येतो असं विचारायचं. ‘येतो का’ असं विचारलंत तर तो ‘नाही’ म्हणेल.

पश्चिम रेल्वेकडची उपनगरं, बोरिवली, मीरा रोड, वसई, तुमच्या बाबतीत लगेच बाद. मिस्टरांना लोअर परळ थेट गाडी मिळेल, पण तुम्ही ऐरोलीला जाणार कशा? सोडून द्या.

बदलापूर मला स्वतःला फार आवडतं. हवा चांगली, घरं ऐसपैस, पैशाच्या मानाने बरंच काही मिळतं, आणि बदलापूर लोकल तिथूनच सुटते म्हणून बसायला जागा मिळते. पण मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते अडुसष्ट किलोमीटर लांब आहे आणि उल्हास नदी शेजारी आहे. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर–वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, हजारावर माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली, आठवत असेल. नदीकाठच्या भागात घर बघणाऱ्याने त्या वर्षी पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं हे तळमजल्याच्या दुकानदाराला विचारावं. तुम्हाला मात्र ठाण्यापर्यंत येऊन मग ऐरोली म्हणजे एका बाजूने दीड तासाच्या आसपास. दुपारी दोनच्या परीक्षेत बदलापूर नापास.

डोंबिवलीबद्दल मी काय सांगणार? माझं पोट डोंबिवलीवर आहे. फडके रोडवरची दिवाळी पहाट, गणेश मंदिराची पाडव्याची शोभायात्रा (१९९९ ला सुरू झाली, आता गावोगावी निघतात), वाचनालयं, टिळकनगर विद्यामंदिरासारख्या मराठी शाळा, गल्लीगल्लीत तबल्याचे, संस्कृतचे, चित्रकलेचे क्लास. सासूबाईंना चार दिवसांत मैत्रिणी मिळतील. ठाण्यात वनबीएचके येईल तेवढ्यात इथे टूबीएचके येतो. आणि तरीही मी तुम्हाला डोंबिवली सुचवत नाहीये.

कारण ठाणे. डोंबिवलीहून ऐरोलीला जायचं म्हणजे सकाळी आठ-सव्वाआठला कर्जत-कल्याणकडून भरून आलेल्या गाडीत चढायचं, ठाण्याला त्या गर्दीतून उतरायचं, पूल चढून ट्रान्स-हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर जायचं आणि तिथे नवी मुंबईला निघालेल्या दुसऱ्या गर्दीत शिरायचं. ‘सवय होते’ असं आम्ही डोंबिवलीकर अभिमानाने सांगतो. काहीजण डाऊनने, म्हणजे उलट दिशेच्या गाडीने, कल्याणला जाऊन तीच गाडी पकडून बसून येतात, काहींचे गाडीत ग्रुप असतात, भजनं असतात. मी त्यातलं सगळं केलंय. पण ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन भरलेल्या गाड्यांच्या दारांतली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, त्यानंतर मी हा अभिमान गिळला. नव्या माणसाला, त्यातून पहिलीतल्या मुलीच्या आईला, ‘होईल सवय’ असं सांगून फ्लॅट विकणं मला जमत नाही. कळवा–ऐरोली जोडमार्ग झाला तर कल्याण-डोंबिवलीच्या गाड्या ठाणे टाळून सरळ नवी मुंबईत उतरतील. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पुढचा जोड रखडला आहे. तो झाला की डोंबिवलीचं गणित बदलेल आणि मी हे उत्तर बदलून लिहीन.

ठाण्याच्या पश्चिमेला नौपाडा, राम मारुती रोड वगैरे भाग स्टेशनपासून चालत, शाळा उत्तम, गडकरी रंगायतन जवळ. तुमच्या बजेटच्या बाहेर आहे, म्हणून लांबवत नाही. मुलुंड पूर्वही तसंच, ऐरोलीचा पूल शेजारी असूनही भाव झेपणार नाहीत. कळव्याबद्दल कोणी सांगेल की ऐरोली मागेच आहे. आहे, पण रस्ता विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून जातो. तिथे पावसात पाणी आणि बाकी वर्षभर कोंडी.

उरतात दोन जागा. ठाणे पूर्वेचं कोपरी आणि खुद्द ऐरोली.

कोपरी हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसलेलं ठिकाण. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की सुरूच होतं, आणि ट्रान्स-हार्बरचे नऊ-दहा नंबरचे प्लॅटफॉर्म याच बाजूला. तुम्ही घरातून चालत निघाल, दहा मिनिटांत गाडी ऐरोलीला, तिथून आयटी पार्क समोरच. दारापासून दारापर्यंत पस्तीस-चाळीस मिनिटं. सकाळी ठाण्याहून ऐरोलीकडे जाणारी गाडी खचाखच असते हे लक्षात ठेवा, पण पल्ला लहान आहे. मिस्टरांना एक युक्ती सांगते, ही नवीन लोकांना उशिरा कळते. ठाण्याहून फास्ट पकडून दादरला उतरायचं, पूल चढायचा, पश्चिमेची गाडी धरून लोअर परळ, असं सगळे करतात. त्याऐवजी ठाण्यातून सुटणारी स्लो पकडायची, बसून जायचं, करी रोडला उतरायचं आणि तिथून लोअर परळला चालत जायचं. डिलाईल रोडचा पूल पाच वर्षं बंद होता, नोव्हेंबर २०२३ पासून पूर्ण सुरू झालाय, त्यामुळे चालणंही सोपं झालं. पाऊण तासाच्या आसपास गाडी आणि दहा-पंधरा मिनिटं चालणं. दादरच्या धक्काबुक्कीपेक्षा दहा मिनिटं जास्त जातील, पण माणूस ऑफिसात माणसासारखा पोचतो.

मग कोपरीत अडचण कुठे आहे? जुन्या इमारती. चार मजली, बिनलिफ्टच्या. सासूबाईंचे गुडघे आणि तिसरा मजला म्हणजे त्या घरात कैद झाल्यासारख्या. लिफ्टच्या नव्या इमारती आहेत, पण कमी, आणि भाडं चढं. शिवाय दाटीवाटी खूप. मुलीला सायकल चालवायला शिकवायची तर जागा शोधावी लागेल.

म्हणून माझी पहिली पसंती ऐरोली.

ऐरोली सिडकोने आखलेलं आहे. सेक्टर, मधोमध बागा, फूटपाथ असलेले सपाट रस्ते. चढउतार नाही, हे गुडघेवाल्या माणसाला सोन्यासारखं. तळमजल्याची घरं, रो-हाउसं भाड्याने मिळतात. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत हा सगळा पट्टा ठाणे-डोंबिवलीपेक्षा सुखी आहे. पालिकेचं रुग्णालय ऐरोलीतच आहे. खाडीवरचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, हिवाळ्यात तिथून बोटीने रोहित पक्षी बघायला जाता येतं, मुलगी खूश होईल. आणि मुख्य म्हणजे तुमचं ऑफिस रिक्षाने दहा मिनिटांवर. लोकल बंद असो, पूर असो, दुपारी दोनचा फोन आला तर अडीचला तुम्ही शाळेत. संध्याकाळी सातला तुम्ही घरात असाल, मुंबईत हे फार थोड्या आयांच्या नशिबात येतं.

किंमत मिस्टर मोजणार. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याला गाडी बदलून करी रोड, दारापासून दारापर्यंत दीड तास ते एक तास चाळीस मिनिटं धरा. कोपरीपेक्षा एका बाजूने वीस-पंचवीस मिनिटं जास्त. त्यांना हे स्पष्ट सांगा, गोड बोलून झाकू नका. जमेची बाजू एवढीच की सकाळी ऐरोलीहून ठाण्याकडे येणारी गाडी उलट दिशेपेक्षा बरीच मोकळी असते, आणि ट्रान्स-हार्बरचा घोटाळा झाला तर पुलावरून बसने मुलुंड गाठता येतं. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवर लहान गाड्यांना टोल नाही, त्यामुळे सहकाऱ्यांबरोबर कारने जाण्याचाही विचार होऊ शकतो, रोज नाही तरी पावसाळ्यात.

ऐरोलीतही खड्डे आहेत, तेही ऐका. पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे गावठाणातल्या इमारती. सेक्टरमधल्या घराच्या जवळजवळ निम्म्या पैशात ‘तसाच’ फ्लॅट दाखवतील. टाइल्स चकचकीत, लिफ्ट, गणपतीची मूर्ती, सगळं असेल. भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला आम्ही ओसी म्हणतो, ते नसेल. मोठ्या बँका कर्ज देत नाहीत, मग ‘आमच्या ओळखीची पतपेढी’ पुढे येते. शेजारच्या दिघ्यात २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून अशाच इमारतींवर हातोडा पडायला लागला, तेव्हा ज्यांनी आयुष्याची कमाई घातली होती ती कुटुंबं रस्त्यावर बसली होती. भाड्याने राहायला हरकत नाही, विकत मात्र घेऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

दुसरं, वास. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यातून काही रात्री रसायनांचा वास येतो. घर बघायला दिवसा अकराला जाल तर कळणार नाही. रात्री साडेदहाला जाऊन खिडकी उघडून दहा मिनिटं उभं राहा. (हे मी डोंबिवलीतल्या एमआयडीसीजवळच्या घरांनाही सांगते. तिथे २०१६ आणि २०२४, दोन्ही वर्षांच्या मे महिन्यांत मोठे स्फोट झाले, काचा किती लांबपर्यंत फुटल्या हे आम्ही पाहिलंय.) तिसरं, खाडीकडच्या सेक्टरांत डास. जाळ्या लावलेलं घर बघा, नसतील तर घरमालकाकडून लावून घ्या, करार करायच्या आधी. करारानंतर घरमालकाचा फोन लागत नाही.

आता विकत की भाड्याने. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. पहिलं वर्ष भाड्याने राहा. माझी दलाली भाड्यात कमी सुटते, तरी हेच सांगेन. अकरा महिन्यांच्या करारात एक अख्खा पावसाळा येतो, आणि मुंबईकडचं उपनगर पावसाळ्याशिवाय कळत नाही. नवी नोकरी, नवं गाव, नवी शाळा, त्यात वीस वर्षांचं कर्ज एकदम कशाला? मिस्टरांना लोअर परळ मानवलं नाही आणि सहा महिन्यांनी पवईत नोकरी मिळाली तर? मी अशी किती जोडपी पाहिली आहेत की नोकरी बदलली पण घराचा हप्ता बदलत नाही म्हणून दुसऱ्याच टोकाला रोज जातात.

भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत करा. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणी करणं घरमालकाची जबाबदारी आहे, ‘राहू द्या, पाचशेच्या स्टॅम्पवर करू’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका.

शाळा मात्र भाड्याच्या घराप्रमाणे निवडू नका. उलट करा. आधी ऐरोलीतली शाळा ठरवा, मग तिच्यापासून चालत अंतरावर भाड्याचं घर, आणि पुढे विकत घेतलंत तरी त्याच शाळेच्या टप्प्यात. मूल पहिलीतून दुसरीत जाताना शाळा बदलली तर एक वर्ष ते नव्या बाकावर गप्प बसतं. शाळा बघताना मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बसून फार काही कळत नाही. शाळा सुटायच्या वेळेला फाटकाबाहेर अर्धा तास उभं राहा. मुलं कशी बाहेर येतात, लहानांना कोण हात धरून आणतं, न्यायला आलेले आई-बाप आपसात काय बोलतात. वर्गात किती मुलं असं विचारलं तर फाटकावरची आई खरा आकडा सांगते. अर्ज कधी निघतात हे आजच फोन करून विचारा. खासगी शाळांच्या प्रवेशाची गडबड जूनच्या खूप आधी संपते, मराठी शाळांत थोडी सवड असते.

घर पक्कं करायच्या आधी एक दिवस द्या. शनिवार-रविवार नको, रविवारी मेगाब्लॉक असतो आणि गर्दी नसते, त्या दिवशी सगळीच उपनगरं सुंदर दिसतात. मंगळवार किंवा बुधवार. रात्री तिथेच एखाद्या लॉजवर मुक्काम करा, मिस्टरांना सकाळी ऑफिसची बॅग आणि डबा घेऊन घराच्या दारातून निघायला सांगा, आणि लोअर परळच्या ऑफिसच्या लिफ्टपर्यंत घड्याळ लावा. संध्याकाळी साडेसहाला तिकडून परत. परतीचा प्रवास जास्त महत्त्वाचा, कारण दमलेलं माणूसच घरात येऊन मुलीचा अभ्यास घेणार असतं. तेवढ्या वेळात तुम्ही आणि सासूबाई दुपारी चारला त्या रस्त्यावर चालून या. भाजीवाला, औषधांचं दुकान, देऊळ, बसायला बाक. त्यांना रिक्षाशिवाय यातलं काय काय करता येतं ते बघा. घर त्यांना दिवसभर सांभाळायचंय, त्यांचं मत शेवटी नको, आधी घ्या.

पुढे विकत घ्यायची वेळ आली की काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. ऐरोलीच्या सेक्टरांतली जमीन बहुतेक सिडकोची, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर असते, त्यामुळे जुनं घर घेताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागू शकतं. ते कोण भरणार हे किंमत ठरवतानाच बोला. मुद्रांक शुल्कात महिलेच्या नावावर घर घेतलं तर एक टक्का सवलत आहे, आणि दुपारी दोनला शाळेत तुम्हीच जाणार असाल तर घरही तुमच्याच नावावर असू द्या, असं माझं आपलं मत. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण, त्याचा नंबर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. नंबर तपासणं सोपं आहे. पण आमच्या डोंबिवलीतच पासष्ट इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्यांवर रेराचे नंबर मिळवले होते, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. तिथल्या लोकांकडे नंबर होता, करार होता, कर्जही होतं. म्हणून बांधकाम परवानगीचं पत्र घेऊन थेट पालिकेच्या नगररचना विभागात जायचं आणि त्याचा जावक क्रमांक त्यांच्या नोंदीत आहे का ते विचारायचं. एक फेरी पडते. माझ्या गिऱ्हाइकांपैकी दहात दोघेच ती मारतात.

तुमच्या टोकनचं बघू. पावती काढा आणि तिच्यावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा, परत न मिळण्याची अट आहे का, किती दिवसांत रद्द केलं तर किती कापणार. मग बिल्डरला ईमेल करा की बुकिंग रद्द करतो आहोत, पैसे परत करा. फोनवर बोलू नका, फोनवर ते ‘मॅडम, साहेबांशी बोलतो’ म्हणतील आणि महिना जाईल. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हा रेराचा नियम आहे, त्यामुळे ‘पुढचा हप्ता भरा, मग बघू’ म्हटलं तर एक रुपयाही देऊ नका. एक्कावन्नातले काही हजार कापले गेले तर जाऊ द्या. रोज संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेरच्या त्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ते स्वस्त पडतील.